देश तसा वेश, पण नाव?

परगावचा माणूस गावात शिरला की पारावर बसलेली मंडळी पहिला प्रश्न विचारतात, "कोण गावचं पाव्हणं?" या प्रश्नात चौकशी असते, तशी आपुलकीही असते. पाहुण्याचे गाव कळले म्हणजे तिथे आपली सोयरीक कोणाकडे आहे, तिथला बाजार कोणत्या वारी भरतो, यंदा पाऊस कसा काय, अशा गोष्टी सुरू होतात आणि चहाचा कप पुढे येतो. पण समजा, पाहुण्याने भलत्याच गावाचे नाव सांगितले आणि दोन दिवसांनी ते उघडकीस आले, तर? मग तो कितीही सज्जन असला तरी त्याच्याकडे बघण्याची गावाची नजर बदलते. आणि ज्याने त्याला ओटीवर उतरवून घेतले, त्या घरधन्याकडेही गाव जरा तिरकेच पाहू लागते.

गावाचा हा प्रश्न देशाला लावून पाहिला की तो फार मोठा होतो. परक्या मुलखात गेलेल्या प्रवाशाने आपला देश लपवावा का? आपली एक जुनी म्हण आहे, 'देश तसा वेश'. या म्हणीने आपल्याला वेश बदलायची मोकळीक दिली आहे. थंड मुलखात लोकरीचा कोट घालावा, वाळवंटात डोक्याला फडके बांधावे, यात कुणालाच काही वावगे वाटत नाही. पण नाव बदलावे का, गाव बदलून सांगावे का, याबद्दल ही म्हण अवाक्षर काढत नाही. जिथे म्हण थांबते तिथून पुढे इतिहासाला विचारावे, असे मला वाटते. इतिहासात असे नाव लपवणारे पुष्कळ आहेत. त्यांचे काय झाले, आणि त्यांच्याइतकेच महत्त्वाचे म्हणजे त्यांना ज्यांनी घरात घेतले त्यांचे काय झाले, हे आज आपण पाहू.

आधी एक खुलासा केला पाहिजे. आज आपण 'राष्ट्रीयत्व' हा शब्द सहज वापरतो. चार-पाचशे वर्षांपूर्वी तो कुणाच्या तोंडी नव्हता. त्या वेळी प्रवाशाला विचारीत ते असे: तुझा धर्म कोणता, तुझा राजा कोण, तू व्यापारी की यात्रेकरू? खिशात घालायची पासपोर्टाची पुस्तिकाही तेव्हा नव्हती. पहिल्या महायुद्धानंतर १९२० साली राष्ट्रसंघाच्या पुढाकाराने पॅरिसला परिषद भरली आणि पासपोर्टाचा एकसारखा नमुना कसा असावा हे ठरले. म्हणजे प्रवाशाच्या हातात हे पक्के कागद येऊन जेमतेम शंभर वर्षे झाली. त्यापूर्वी माणूस स्वतःबद्दल जे सांगेल तेच त्याचे कागदपत्र.

तरीही सगळेच काही लपवीत नसत. चीनचा भिक्षू ह्युएनत्संग इ.स. ६२९ मध्ये देशाबाहेर जाण्याची मनाई असताना निघाला. त्याला लपतछपत जावे लागले ते स्वतःच्या देशातून निसटताना. भारतात आल्यावर मात्र तो उघडपणे चीनचा भिक्षू म्हणूनच हिंडला, नालंदेत शिकला, राजांना भेटला. दुसऱ्या पुलकेशीच्या काळात तो महाराष्ट्रातही आला होता. इथली माणसे उपकार विसरत नाहीत आणि अपमान सोसत नाहीत, अशी नोंद त्याने करून ठेवली. पाहुण्याने स्वतःची ओळख न लपवल्यामुळे आपल्यालाही आपली ओळख परक्याच्या डोळ्यांनी पाहायला मिळाली.

आता आपल्याच भागातली एक गोष्ट सांगतो. इ.स. १४७० च्या आसपास अफानासी निकितीन नावाचा एक रशियन व्यापारी चौल बंदरात उतरला. रशियातील त्वेर नगरचा हा माणूस. वाटेत व्होल्गा नदीच्या मुखाजवळ लुटारूंनी त्याला नागवले होते. इराण ओलांडून, होर्मुझहून जहाजाने तो आला, आणि बरोबर त्याने विक्रीसाठी एक घोडा आणला होता. चौलहून पालीमार्गे घाट चढून तो जुन्नरला पोहोचला आणि पावसाळ्यासाठी तिथेच अडकला. भर पावसात इथले शेतकरी पेरणी करतात आणि घोड्यांना खिचडी शिजवून घालतात, हे त्याला फार नवल वाटले. त्याचा गोरा रंग पाहून माणसे घोळक्याने त्याच्या मागे फिरत, हेही त्याने लिहून ठेवले आहे. याच निकितीनवर १९५७ साली 'परदेसी' नावाचा चित्रपट निघाला होता, आणि रेवदंड्याला त्याचे स्मारकही उभारले आहे.

बहामनी राज्यात तेव्हा इराण-खोरासानकडचे पुष्कळ मुसलमान व्यापारी आणि सरदार होते. त्यांच्यात मिसळून जाता यावे म्हणून निकितीनने 'ख्वाजा यूसुफ खोरासानी' असे नाव घेतले होते. पण जुन्नरचा अधिकारी असदखान याला कळले की, हा मुसलमान नाही, रशियन आहे. त्याने घोडा जप्त केला आणि सांगितले, आमचा धर्म घे, म्हणजे घोडाही देतो आणि वर एक हजार मोहरा देतो. नाही घेतलास तर घोडा गेलाच, आणि तुझ्यावर हजार मोहरांचा दंड. विचार करायला मुदत दिली चार दिवसांची. परमुलूख, ओळखीचे कुणी नाही, बाहेर मुसळधार पाऊस. त्या माणसाच्या जिवाचे काय झाले असेल याची कल्पना करा! सुदैवाने खोरासानचाच एक वजनदार गृहस्थ, ख्वाजा मुहम्मद, तिथे आला. निकितीनने त्याचे पाय धरले, आणि त्याने खानाकडे शब्द टाकून घोडा सोडवून दिला.

इथपर्यंतची गोष्ट ऐकून कुणी म्हणेल, पाहा, ओळख फुटली म्हणून संकट आले. ती आणखी नीट लपवायला हवी होती! पण गोष्ट इथे संपत नाही. पुढे निकितीन बिदरला गेला. तिथे त्याची अनेक हिंदू कुटुंबांशी ओळख झाली. त्यांना मात्र त्याने आपणहून खरे सांगितले: मी मुसलमान नाही, ख्रिस्ती आहे, माझे नाव अफानासी, आणि ख्वाजा यूसुफ हे इकडे घेतलेले नाव. त्यानंतर काय घडले, तेही तोच सांगतो. त्या लोकांनी त्याच्यापासून काही लपवले नाही. खाणेपिणे, व्यापार, पूजाअर्चा सगळे त्याच्यादेखत चालू लागले. घरातल्या बायकाही त्याच्यासमोर वावरू लागल्या. ते त्याला आपल्याबरोबर श्रीशैलच्या यात्रेला घेऊन गेले. दख्खनच्या घरांबद्दल आणि जत्रेबद्दल त्याच्या वहीत जे काही आहे, ते या खऱ्या नावाच्या मोबदल्यात त्याला मिळालेले आहे.

म्हणजे खोट्या नावाने त्याला शहराची वेस ओलांडता आली, पण घराचा उंबरठा ओलांडता आला तो खऱ्या नावाने. आणि खोट्या नावाची त्याने किंमतही मोजली. त्याची धर्मग्रंथांची पुस्तके लुटीत गेली होती. आपले उपास कोणते, सण कोणते, आज तिथी कोणती, याचा हिशेब चुकत चालला याचे दुःख त्याने वारंवार लिहिले आहे. शेवटी परतीच्या वाटेवर, स्मोलेन्स्क गाठण्यापूर्वीच तो वारला. वही तेवढी घरी पोहोचली.

पुढचे उदाहरण तर नेमके देश लपवण्याचेच आहे. १८२७ साली आग्र्याच्या छावणीतून कंपनी सरकारच्या तोफखान्यातला एक इंग्रज शिपाई पळाला. त्याचे नाव जेम्स लुईस. पळून गेल्यावर त्याने नाव घेतले चार्ल्स मॅसन, आणि विचारणाऱ्याला तो सांगे, मी अमेरिकेतल्या केंटकी प्रांताचा. इंग्रज म्हटले की पंजाब-अफगाणिस्तानात संशय येणार आणि कंपनीच्या हाती सापडलो की शिक्षा होणार, म्हणून हे दुहेरी सोंग. माणूस बुद्धिमान होता. हडप्पाचे अवशेष पाहून त्यांचे वर्णन त्याने छापले. ते किती प्राचीन आहेत हे मात्र त्याला ओळखता आले नाही. ते कळायला १९२१ सालचे दयाराम साहनींचे उत्खनन व्हावे लागले. काबूलजवळ बेग्रामला त्याने हजारो जुनी नाणी जमवली.

पण लपवलेले नाव म्हणजे दुसऱ्याच्या हातात दिलेली दोरी असते. लुधियान्याच्या इंग्रज अधिकाऱ्याला या 'अमेरिकना'चा खरा पत्ता लागला. मग १८३५ साली त्याला माफी मिळाली, पण ती फुकट नव्हती. काबूलमध्ये राहून कंपनीला बातम्या पुरवायचे काम त्याच्या गळ्यात पडले. ज्या सरकारपासून तो पळाला होता, त्याच सरकारचा तो बातमीदार झाला. नाणी वेचीत फिरणाऱ्या मोकळ्या माणसाची मोकळीक त्या एका खोट्याने संपवली.

आता जरा उत्तरेकडे, हिमालयात जाऊ. ही गोष्ट माझ्या शिक्षक वाचकांना जवळची वाटेल, कारण तिचा नायक एक शाळामास्तर आहे. कुमाऊँच्या जोहार खोऱ्यातले मिलम हे गाव. तिथला शिक्षक नैनसिंग रावत. एकोणिसाव्या शतकात तिबेटने परकीयांना दारे बंद केली होती आणि इंग्रज सरकारला तर तिबेटचा नकाशा हवा होता. गोरा माणूस लगेच ओळखू येणार. म्हणून मोजणीखात्याच्या कॅप्टन माँटगोमेरी याने सीमेवरच्या भारतीय माणसांना शिकवून पाठवायची योजना आखली. नैनसिंगला डेहराडूनला शिक्षण मिळाले. कसले शिक्षण? चढ असो, उतार असो, पाऊल सारख्याच लांबीचे टाकायचे आणि पावले मोजायची. हातात जपमाळ, पण तिच्यात १०८ ऐवजी १०० मणी. शंभर पावले झाली की एक मणी ओढायचा. म्हणजे माळ एकदा फिरली की दहा हजार पावले झाली. प्रार्थनाचक्रात मंत्रांच्या जागी मोजणीचे कागद. कवड्यांमध्ये भरलेला पारा, ताऱ्यांची उंची मोजण्यासाठी. कधी बुशहरचा, तर कधी लडाखचा व्यापारी बनून तो १८६६ च्या जानेवारीत ल्हासाला पोहोचला.

ल्हासात पैसे संपत आले तेव्हा त्याने काय केले असेल? नेपाळी व्यापाऱ्यांना हिशेब ठेवायची आपली पद्धत शिकवून पोट भरले. वेश कोणताही घ्या, मास्तरकी काही लपत नाही! त्याची खरी ओळख दोघा काश्मिरी मुसलमान व्यापाऱ्यांना कळली होती. मनात आणते तर ते त्याला पकडून देते. त्यांनी तोंडातून शब्द काढला नाही. उलट त्याचे घड्याळ ठेवून घेऊन त्याला उसने पैसे दिले. पकडला गेला असता तर नैनसिंगच्या प्राणावरच बेतले असते. १८७७ साली लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने त्याला सुवर्णपदक दिले.

नैनसिंगच्या धैर्यापुढे मान लवते. हजारो वर्षे जगाच्या नकाशावर कोरी राहिलेली जागा त्याने पायांनी मोजून भरली. पण इतिहासाच्या विद्यार्थ्याने पुढचा प्रश्न टाळू नये. हे सोंग कोणासाठी होते? जोखीम मिलमच्या मास्तराची आणि नकाशा साम्राज्याचा. पुढे १९०३-०४ साली ब्रिटिश फौज तिबेटात घुसून ल्हासापर्यंत गेली, तेव्हा या पंडितांच्या मोजणीतून झालेले नकाशे सरकारदप्तरी तयार होतेच. आमच्या देशात येऊ नका, आलात तर काहीतरी मोजून न्याल, ही तिबेटी लोकांची भीती अगदीच खुळी नव्हती.

दुसरे शिक्षक शरच्चंद्र दास. जन्म चितगावचा, नोकरी दार्जिलिंगच्या भोटिया शाळेत मुख्याध्यापकाची. त्याच शाळेतले लामा शिक्षक उग्येन ग्यात्सो यांना बरोबर घेऊन ते १८७९ साली तिबेटातल्या ताशिल्हुन्पो मठात गेले. तिथला मोठा विद्वान सेंगचेन लामा याने त्यांचे स्वागत केले, त्यांना ग्रंथ दाखवले, आणि त्यांच्याकडून बाहेरच्या जगाची, नव्या विज्ञानाची माहिती मोठ्या हौसेने करून घेतली. १८८१ साली दास पुन्हा गेले आणि या वेळी ल्हासापर्यंत पोहोचले. ते तिबेटी भाषेचे खरे अभ्यासक होते. त्यांनी केलेला तिबेटी-इंग्रजी शब्दकोश १९०२ साली प्रसिद्ध झाला. पण ते केवळ अभ्यासक म्हणून गेले नव्हते. पाहिलेले सारे ते इंग्रज सरकारलाही कळवणार होते, आणि त्यांनी ते कळवले. इथे लक्षात घ्या, दासांनी आपले सगळेच लपवले होते असे नाही. त्यांना ताशिल्हुन्पोला येण्याचा परवाना मिळालेला होता, यजमानाला ते कुठले कोण हे माहीत होते. लपवले होते ते येण्याचे कारण.

दास परत आले. त्यांना मानमरातब मिळाले, पदव्या मिळाल्या. दार्जिलिंगच्या आपल्या घराला त्यांनी 'ल्हासा व्हिला' असे नाव दिले. आणि तिकडे? तिकडे गुपित फुटले. ज्यांनी ज्यांनी त्यांना मदत केली होती त्यांची धरपकड झाली. एका मोठ्या सरदार घराण्यातल्या माणसांना बंदिवास घडला. आणि सेंगचेन लामाला, त्या ज्ञानाची भूक असलेल्या यजमानाला, १८८७ साली नदीत बुडवून ठार मारण्यात आले.

वाचकहो, या जागी जरा थांबावेसे वाटते. निकितीनच्या खोट्या नावाची किंमत निकितीनने मोजली. मॅसनच्या सोंगाची किंमत मॅसनने मोजली. नैनसिंगने आपला जीव पणाला लावला. दासांच्या बाबतीत मात्र सोंग एकाने घेतले आणि शिक्षा दुसऱ्याने भोगली. आपण नेहमी प्रवाशाच्या धाडसाची गोष्ट सांगतो. ज्याच्या दारात त्याने काठी टेकली, ज्याच्या चुलीवर त्याच्यासाठी भात शिजला, त्याची गोष्ट सांगायची राहून जाते.

या गोष्टीला एक शेपूटही आहे. जपानचा बौद्ध भिक्षू एकाई कावागुची याला तिबेटी धर्मग्रंथ हवे होते. दार्जिलिंगला दासांच्याच मदतीने तो तिबेटी भाषा शिकला. १९०० साली तो तिबेटात शिरला आणि जपानी असल्याचे लपवून ल्हासाजवळच्या सेरा मठात राहिला. वैद्यकीचे थोडेफार ज्ञान होते, त्यामुळे 'सेराचा वैद्य' म्हणून त्याचा बोलबाला झाला. १९०२ साली संशय आला तेव्हा तो निसटला. पण नंतर त्याच्या कानावर आले की, आपल्या ओळखीच्या माणसांना ल्हासात तुरुंगात टाकले आहे. हा माणूस तेव्हा सुखरूप होता. ग्रंथ हाती होते, जपानला परत जाऊन व्याख्याने द्यायला मोकळा होता. पण त्याला ते गोड लागेना. १९०३ साली तो नेपाळला गेला आणि तिथले राणा पंतप्रधान चंद्र शमशेर यांच्यामार्फत त्याने दलाई लामांकडे अर्ज धाडण्याची खटपट केली: दोष माझा आहे, त्या माणसांना मी कोण हे ठाऊक नव्हते, त्यांना सोडा. हा अर्ज लिहायला निघालेला कावागुची मला ल्हासा गाठणाऱ्या कावागुचीपेक्षा मोठा वाटतो.

आता कुणी विचारील, मग काय, नाव लपवणे हे नेहमी पापच म्हणायचे? नेताजींचे काय? रास्त प्रश्न आहे. १९४१ च्या जानेवारीत सुभाषचंद्र बोस कलकत्त्याच्या नजरकैदेतून 'मुहम्मद झियाउद्दीन' या नावाने बाहेर पडले. गोमो स्टेशनवर गाडी धरून पेशावरला गेले. पुढे भगतराम तलवार यांच्याबरोबर मुक्या-बहिऱ्या पठाणाचे सोंग घेऊन काबूलला पोहोचले, आणि तिथून 'ऑर्लांडो मॅझोटा' या नावाच्या इटालियन पासपोर्टावर मॉस्कोमार्गे बर्लिनला गेले. एका प्रवासात धर्म, भाषा, देश सगळे बदलले! जुलमी सत्तेच्या कैदेतून सुटणाऱ्याने पहारेकऱ्याला खरे नाव सांगावे, असे कोणतेच नीतिशास्त्र सांगणार नाही. हिटलरच्या छळातून जीव वाचवण्यासाठी ज्या ज्यूंनी नावे बदलली, त्यांनाही कुणी खोटारडे म्हणणार नाही.

पण याच प्रवासातली एक गोष्ट आपण विसरतो. काबूलला नेताजींना आसरा दिला तो उत्तमचंद मल्होत्रा या रेडिओच्या दुकानदाराने. त्यांना भगतरामांनी आडपडदा न ठेवता सांगितले होते, हे सुभाषबाबू आहेत. बायकामुलांच्या घरात या पाहुण्याला ठेवायचे की नाही हे उत्तमचंदांनी सारे कळून ठरवले. पुढे इंग्रजांनी त्यांना पकडले, त्यांनी तुरुंगवास सोसला. सेंगचेन लामाचाही घात झाला आणि उत्तमचंदांनाही झळ लागली. दोघांत फरक आहे तो एवढाच, पण तो फार मोठा आहे. उत्तमचंदांनी जोखीम स्वतः पत्करली. लामाच्या वतीने ती दुसऱ्याने पत्करली, आणि त्याला विचारलेही नाही.

माझ्या मते या साऱ्या गोष्टींचे सार इथे आहे. शत्रूच्या पहारेकऱ्यापासून नाव लपवले तर तो डाव झाला. पण ज्याचे अन्न आपण खातो, आणि आपल्यामुळे ज्याच्यावर बालंट येऊ शकते, त्याच्यापासून ते लपवले तर तो विश्वासघात होतो. खाल्ल्या मिठाला जागणे म्हणजे नुसते आभार मानणे नव्हे. मीठ वाढणाऱ्याला तो कुणाला वाढतो आहे हे कळू देणे, हाही त्याचाच भाग आहे.

आजच्या प्रवाशाला हे कितपत लागू पडते? आज आपल्या खेड्यापाड्यांतली मुले आखातात कामाला जातात, युरोप-अमेरिकेत शिकायला जातात. विमानतळाच्या खिडकीशी तर प्रश्नच नाही. पासपोर्टासाठी खोटी माहिती देणे किंवा महत्त्वाची माहिती दडवणे हा १९६७ च्या पासपोर्ट कायद्याप्रमाणे गुन्हा आहे. तिथे खरे तेच सांगावे. पण रस्त्यावर, गाडीत, चहाच्या दुकानात भेटणाऱ्या प्रत्येकाला आपली जन्मकथा सांगितलीच पाहिजे असेही नाही. न सांगणे आणि खोटे सांगणे यांत अंतर आहे. वातावरण तापलेले असेल तर गप्प राहावे, विषय बदलावा. त्याला शहाणपण म्हणतात.

आणि नुसत्या सोयीसाठी देश लपवला तर काय होते? व्हिएतनाम युद्धाच्या काळात अमेरिकेची नाचक्की झाली होती, तेव्हा युरोपात हिंडणारे काही अमेरिकन तरुण आपल्या पिशवीवर कॅनडाच्या झेंड्यातले मेपलचे पान शिवून घेत, अशी गोष्ट नेहमी सांगितली जाते. समजा, असा एखादा तरुण सभ्यपणे वागला, म्हाताऱ्या बाईचे ओझे त्याने उचलले. ती बाई काय म्हणणार? कॅनडाची पोरे किती चांगली! म्हणजे पुण्य जमा झाले शेजाऱ्याच्या खात्यावर, आणि स्वतःच्या देशाबद्दलचा वाईट समज होता तिथेच राहिला. चांगल्या माणसांनीच देशाचे नाव लपवले तर त्या देशाचे नाव सांगायला उरणार कोण?

याच्या उलट २०२२ सालची गोष्ट आठवा. रशियाने युक्रेनवर हल्ला केला तेव्हा आपले हजारो विद्यार्थी तिथे अडकले होते. बाहेर पडताना त्यांनी बसगाड्यांवर तिरंगा लावला. दुसऱ्या देशांच्या काही विद्यार्थ्यांनीही तिरंग्याचा आधार घेतला, अशा बातम्या तेव्हा वृत्तपत्रांत आल्या. बॉम्ब पडत असताना त्या पोरांना कोण दोष देईल? पण विचार करण्याजोगी गोष्ट अशी की, उसना घेतलेला झेंडाही चालतो तो खऱ्या झेंड्याची पत शिल्लक असते म्हणून. आणि ती पत, आपले नाव-गाव खरे सांगून परक्या मुलखात नीट वागलेल्या असंख्य साध्या माणसांनी जमवलेली असते.

शिक्षक बंधुभगिनींनो, वर्गात नकाशा लावाल तेव्हा मुलांना निकितीनची वाट बोटाने काढायला सांगा: चौल, पाली, घाट, जुन्नर, बिदर, श्रीशैल. मग त्यांना विचारा, तुम्ही निकितीनच्या जागी असता तर जुन्नरच्या खानाला काय सांगितले असते? आणि बिदरच्या शेजाऱ्याला काय सांगितले असते? मुले पहिल्या प्रश्नावर हिरिरीने वाद घालतील. तो घालू द्या. पण तास संपण्यापूर्वी तिसरा प्रश्न जरूर विचारा: आणि तुम्ही त्या बिदरच्या घरातले असता, तर या पाहुण्याने तुम्हाला काय सांगायला हवे होते? या प्रश्नाचे उत्तर द्यायला मुलांना फार वेळ लागणार नाही.